कुटुंबाच्या व्याख्येबाहेर : समलिंगी हक्कांची चळवळ, केंद्र सरकार आणि बोईसर-तारापूर

पालघर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात केंद्र सरकार ही दिल्लीत राहणारी दूरची गोष्ट नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, तेव्हापासून अणुऊर्जा विभाग हा या भागातला मोठा नोकरी देणारा आहे. पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा केंद्रीय कायद्यांनुसार चालतो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरला नियोजित आहे, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते झाली. म्हणून समलिंगी हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्ते आणि केंद्र सरकार यांच्या संबंधांचा इतिहास या पट्ट्यातून तपासला, तर तो न्यायालयीन निकालांची जंत्री राहत नाही. नामनिर्देशनाचा अर्ज, सरकारी क्वार्टरचे वाटप, अपघातानंतरच्या भरपाईचा दावा अशा कागदांपर्यंत तो येऊन पोहोचतो, आणि तीस-पस्तीस वर्षांत काय मिळाले व काय मिळायचे राहिले याचा हिशेब त्या कागदांवर अधिक स्पष्ट दिसतो.

या संबंधांची सुरुवात संवादाने झाली नाही, फौजदारी कायद्याने झाली. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ मानलेल्या शरीरसंबंधांना जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आणि त्यात दोन प्रौढांची परस्परसंमती हा बचाव ठेवला नाही. स्वातंत्र्यानंतरही कलम तसेच राहिले. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९१ मध्ये दिल्लीतील ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने भारतातील समलिंगी नागरिकांच्या स्थितीवर पहिला सविस्तर नागरी अहवाल प्रसिद्ध केला, ऑगस्ट १९९२ मध्ये याच गटाने समलिंगी असल्याच्या संशयावरून होणाऱ्या अटकांविरुद्ध दिल्लीच्या पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली, आणि १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध वाटण्यास प्रशासनाने नकार दिल्यावर कलम ३७७ लाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ती याचिका पुढे चालवली न गेल्याने निकालात निघाली, तरी सरकारला घटनेच्या भाषेत जाब विचारण्याची रीत तिने घालून दिली. त्याच वर्षी मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि सांताक्रूझच्या वाकोला भागातील महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातील बोईसर-पालघरच्या तरुणासाठी आपल्यासारख्या माणसांना उघडपणे भेटण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण बराच काळ हेच असणार, आणि तेथे जायचे तर विरारपुढच्या मोजक्या शटल व पॅसेंजर गाड्यांवर अवलंबून राहावे लागे.

सरकारचे पहिले दार उघडले ते आरोग्य खात्याचे. एचआयव्हीच्या प्रसाराला तोंड देण्यासाठी १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली, आणि पुढच्या दोन टप्प्यांत तिच्या लक्षात आले की ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचायला हवी ते लोक कायद्याच्या भीतीने लपलेले आहेत. यातून ‘टीआय’ प्रकल्पांची, म्हणजे विशिष्ट जोखीमगटांसाठी स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवल्या जाणाऱ्या प्रकल्पांची, पद्धत रूढ झाली. दिल्लीत नॅको, मुंबईत महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, जिल्ह्यात एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक आणि त्याखाली संस्था अशी ही साखळी असते. तिच्या अगदी टोकाला ‘पिअर एज्युकेटर’ असतो, म्हणजे त्याच समूहातला, अल्प मानधनावर काम करणारा माणूस. रात्रपाळी सुटल्यावर, रेल्वेस्थानकाच्या आसपास किंवा महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर तो ओळखी काढतो, निरोध देतो, गुप्तरोगाच्या तपासणीची तारीख सांगतो, सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात, स्वतः सोबत जातो, आणि चाचणी सकारात्मक आली तर एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधे सुटू नयेत म्हणून महिनोन्‌महिने पाठपुरावा करतो. समलिंगी नागरिकांना सरकारने माणूस म्हणून पहिल्यांदा भेट दिली ती या माणसाच्या रूपाने, आणि या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु या ओळखीची किंमतही होती. सरकारी कागदावर समलिंगी पुरुष ‘एमएसएम’ झाला, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारा पुरुष. त्याचे प्रेम, त्याचे घर, त्याचे म्हातारपण या साखळीच्या कक्षेत कधी आले नाही, आणि ज्यांना या विशिष्ट साथीची जोखीम कमी समजली गेली त्या समलिंगी स्त्रिया तर या दारातून आत येऊच शकल्या नाहीत. जोखीमगट हीच ओळख पुढे उलटलीही: ऑक्टोबर २०१७ च्या रक्तदात्यांच्या निवडीच्या मार्गदर्शक सूचनांनी समलिंगी पुरुष व पारलिंगी व्यक्तींना, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची लिंगओळख जुळत नाही अशांना, सरसकट रक्तदानातून वगळले, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका आली तेव्हा २०२३ मध्ये केंद्राने त्या वगळण्याचे समर्थन केले. शिवाय आरोग्य खाते ज्याला कामावर नेमत होते त्यालाच गृह खात्याचा कायदा गुन्ह्याचा साथीदार मानू शकत होता. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना कलम ३७७ खाली पकडून ४७ दिवस तुरुंगात ठेवण्यात आले. पिशवीतले निरोध आणि माहितीपत्रके हाच पुरावा ठरण्याची ही भीती कायद्याच्या पातळीवर संपायला बरीच वर्षे गेली. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा, ज्याने जोखीम कमी करण्याच्या अशा कामाला गुन्हा मानण्यास मनाई केली, तो १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, म्हणजे कलम ३७७ वरील अंतिम निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी.

केंद्र सरकार एकाच वेळी दोन तोंडांनी बोलत होते, आणि हे न्यायालयाच्या दप्तरी नोंदले गेले तो काळ या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आहे. नाझ फाउंडेशन या दिल्लीतील संस्थेने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. तिची मागणी मर्यादित होती, की संमतीने व खाजगीत ठेवलेले प्रौढांचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढावेत. गृह मंत्रालयाने २००३ मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन विरोध केला आणि भारतीय समाजाला हे मान्य नाही, ही भूमिका घेतली. या प्रतिज्ञापत्राने आधार घेतला तो विधी आयोगाच्या १९७१ च्या ४२ व्या अहवालाचा, ज्यात कलम ठेवण्याची शिफारस होती. मात्र त्याच आयोगाने न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २००० मध्ये दिलेल्या १७२ व्या अहवालात हे कलम काढून टाकावे असे म्हटले होते, ते बाजूला राहिले. सरकारने स्वतःच नेमलेल्या आयोगाचा ताजा सल्ला सोडून तीस वर्षांपूर्वीचा सल्ला न्यायालयापुढे ठेवावा, हे चुकून झाले असे मानणे कठीण आहे. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ऐकण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी नॅकोने आरोग्य मंत्रालयाच्या वतीने अगदी उलट प्रतिज्ञापत्र दिले: देशात ‘एमएसएम’ गटातील पुरुषांची अंदाजे संख्या २५ लाख आहे, सर्वसाधारण लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असताना या गटात ते सुमारे ८ टक्के आहे, आणि कलम ३७७ च्या भीतीने हे लोक सेवेपर्यंत येत नाहीत. एकच प्रतिवादी, भारत सरकार, आणि त्याची दोन परस्परविरोधी शपथपत्रे, अशी ही स्थिती होती.

२००८ मध्ये अंतिम सुनावणी झाली तेव्हाही मंत्रिमंडळात एकमत नव्हते. आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी त्या वर्षी मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या सुमारास कलम जायला हवे असे जाहीरपणे म्हटले, तर लातूरचे शिवराज पाटील ज्या गृह खात्याचे मंत्री होते ते खाते न्यायालयात कलमाचा बचाव करत राहिले. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, ज्यांच्या शिक्षणाचा व सुरुवातीच्या वकिलीचा सोलापूरशी संबंध आहे, आणि न्या. एस. मुरलीधर यांनी २ जुलै २००९ रोजी निकाल दिला आणि संमतीच्या संबंधांपुरते कलम घटनाबाह्य ठरवले. सरकारने अपील केले नाही. अपील केले ते इतरांनी. मात्र त्या अपिलात फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राच्या वतीने उभे राहिलेल्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरलनी समलिंगी संबंध अनैतिक असल्याचे सांगितले, गृह मंत्रालयाने त्याच दिवशी त्या युक्तिवादापासून हात झटकले, नंतर दुसऱ्या विधिज्ञाने वेगळी भूमिका मांडली, आणि शेवटी ॲटर्नी जनरल गुलाम वहानवटी यांनी उच्च न्यायालयाच्या निकालात सरकारला चूक दिसत नाही असे स्पष्ट केले. देशातल्या लाखो नागरिकांना गुन्हेगार ठरवणाऱ्या प्रश्नावर सरकारची तयारी इतकी ढिसाळ असावी, ही गोष्ट त्या काळातल्या कोणत्याही पक्षाच्या समर्थकाला सहज बाजूला टाकता येणार नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. दीडशे वर्षांत नोंद झालेल्या निकालांनुसार दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले आहेत आणि हा समूह लोकसंख्येचा फार छोटा भाग आहे, असे कारण देऊन बदल करायचा तर संसदेने करावा असे सांगितले. त्यानंतर केंद्राने स्वतः पुनर्विचार याचिका दाखल केली. सरकार पहिल्यांदाच पूर्णपणे कार्यकर्त्यांच्या बाजूला उभे राहिले ते अशा वेळी, जेव्हा वेळ निघून गेली होती. २८ जानेवारी २०१४ रोजी ती याचिकाही फेटाळली गेली.

‘खटले फार होत नाहीत’ हा युक्तिवाद किती पोकळ आहे, हे पालघरने वेगळ्या संदर्भात नेमके त्याच काळात अनुभवले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ, म्हणजे इंटरनेटवरील ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारे केंद्रीय कलम, देशभर चर्चेत आले. केंद्राने त्यावर दिलेले उत्तर होते जानेवारी २०१३ चे एक सूचनापत्र: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करू नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये हे कलम रद्द करताना सरकारने दिलेले वाजवी अंमलबजावणीचे आश्वासन स्वीकारले नाही, कारण सरकारे बदलतात आणि कायदा मागे राहतो. तो निकाल लिहिणारे न्या. रोहिंटन नरिमन हेच पुढे कलम ३७७ च्या पाच न्यायमूर्तींच्या पीठावर होते. पत्राने मिळालेली सवलत आणि कायद्याने मिळालेला हक्क यांतला हा फरक समलिंगी हक्कांच्या पुढच्या टप्प्यातही निर्णायक ठरणार होता.

संसदेचा मार्ग या काळात जवळजवळ बंदच राहिला. शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये कलम ३७७ बदलण्याचे खाजगी विधेयक लोकसभेत आणले, तेव्हा ते मांडण्याची परवानगीही ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली, आणि मार्च २०१६ मध्ये तसेच पुन्हा घडले. एप्रिल २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाहाला स्थान देणारे खाजगी विधेयक मांडले. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही, पण या प्रश्नाला महाराष्ट्रातून संसदेत मिळालेला तो ठोस शब्द होता. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत संसद हलली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ज्यात सहभागी होत्या त्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा झाला. मात्र त्या कायद्याने ओळख स्वतः सांगण्याऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशी बांधली, म्हणजे पालघर जिल्ह्यात ती कोळगावच्या जिल्हा मुख्यालयातून मिळायची व्यवस्था झाली, आणि लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवली. चळवळीने या दोन्ही गोष्टींना विरोध केला होता आणि तो विरोध रास्त होता.

कलम ३७७ चा शेवट ६ सप्टेंबर २०१८ रोजी झाला. त्या खटल्यात २०१८ मध्ये अशोक राव कवी व हमसफर ट्रस्टही याचिकाकर्ते म्हणून उतरले होते, आणि लखनौच्या २००१ च्या अटकेतून सुटलेले आरिफ जाफर हेही. केंद्राने सुनावणी सुरू झाल्यावर, ११ जुलै रोजी, प्रतिज्ञापत्र देऊन प्रौढांच्या संमतीचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोपवला आणि त्यापलीकडच्या मुद्द्यांत न्यायालयाने जाऊ नये असे सुचवले. २००३ चा विरोध, २०१३ चा पाठिंबा आणि २०१८ ची तटस्थता, असा हा पंधरा वर्षांचा प्रवास आहे. तटस्थतेने खटला जिंकणे सोपे झाले, हे खरे. पण सरकारने स्वतः काहीच म्हटले नाही म्हणून निकालानंतर सरकारचे कोणतेही खाते पुढचे काम आपले समजले नाही. निकाल लोकांपर्यंत पोहोचवावा आणि पोलिसांना संवेदनशील करावे असे न्या. नरिमन यांनी सरकारला सांगितले होते, त्या दिशेने केंद्राकडून मोठी मोहीम उभी राहिली नाही.

तटस्थता किती वरवरची होती ते विवाहाच्या प्रश्नावर दिसले. नोव्हेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयात आलेल्या याचिकांना केंद्राने १२ मार्च २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात कडक विरोध केला आणि पती, पत्नी व मुले हीच भारतीय कुटुंबाची कल्पना असल्याचे प्रतिपादन केले. केंद्राने राज्यांची मते मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश व आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला, आणि विवाहाहून कमी दर्जाच्या पण कायद्याने मान्य अशा सहजीवनाच्या हक्कावर मत ३ विरुद्ध २ असे विभागले गेले. तरी बहुमताच्या निकालानेही नोकरीतून मिळणाऱ्या लाभांची दारे अशा जोडप्यांना बंद राहिल्याने भेदभाव होतो हे ओळखले, आणि सुनावणीत सॉलिसिटर जनरलनी दिलेले आश्वासन, की मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाईल, निकालात नोंदले गेले. समिती एप्रिल २०२४ मध्ये स्थापन झाली.

तिच्या कामाची पहिली फळे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आली. रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच घरातले मानावे, जोडखाते उघडण्यास व जोडीदाराच्या नावे नामनिर्देशन करण्यास बँकांनी आडकाठी करू नये, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा, तुरुंगात भेटीचा हक्क द्यावा, समलैंगिकता ‘बरी’ करण्याच्या नावाखाली चालणारे उपचार थांबवावेत, अशा आशयाची पत्रे वेगवेगळ्या मंत्रालयांनी राज्यांना व बँकांना पाठवली आणि १ सप्टेंबर रोजी सामाजिक न्याय विभागाने त्यांची घोषणा केली. त्याच आठवड्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत घातले आणि कार्यकर्त्यांच्या विरोधानंतर पाच-सहा दिवसांत ते मागे घेतले. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ पूर्णच वगळले गेल्याने पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर झालेल्या बलात्कारासाठी बलात्काराच्या दर्जाचे कलम उरले नाही. संसदीय स्थायी समितीने याच कारणासाठी तो भाग ठेवण्याची शिफारस केली होती, ती स्वीकारली गेली नाही. एका हाताने पत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने पोकळी ठेवायची, ही दोन तोंडांनी बोलण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही.

या पत्रांचे वजन बोईसरमध्ये मोजून पाहावे. दोन अविवाहित व्यक्तींना एकत्र बँकखाते उघडण्यास कायद्याने पूर्वीही बंदी नव्हती; पत्राने फक्त शाखेतला नकार टळतो. मृतदेहाच्या ताब्याचे पत्र मात्र या औद्योगिक पट्ट्यात खरोखर महत्त्वाचे आहे. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत स्फोट व आगी पुन्हा पुन्हा होतात. जानेवारी २०२० च्या एका स्फोटात अनेकांचे प्राण गेले. सरावली, पास्थळ, खैरापाडा, कुंभवली या गावांतल्या चाळींत एका खोलीत दोघे-तिघे राहणारे कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेले असतात, आणि त्यांतली एखादी जोडी ‘रूम पार्टनर’ या नावाखाली संसार करत असेल तर शेजाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो. अपघातानंतर पंचनामा होतो, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होते आणि ताबापावतीवर नात्याच्या जागी काहीतरी लिहावे लागते. केंद्राचे पत्र म्हणते की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तरच जोडीदाराचा विचार व्हावा. गावाहून भाऊ निघाला आहे असा फोन आला, की जोडीदाराचे स्थान संपते.

भरपाईच्या बाबतीत तर पत्रही नाही. कर्मचारी नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील ‘अवलंबित’ या शब्दाची व्याख्या विधवा, मुले व आईवडील यांच्यापासून विधवा सून आणि आजीआजोबांपर्यंत जात होती. समलिंगी जोडीदार त्यात नव्हता, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही यादी त्याच चौकटीत ठेवली. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या ज्या कामगाराला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू आहे, त्याचा कामावर मृत्यू झाला तर वेतनाच्या ९० टक्के इतका मासिक लाभ अवलंबितांत वाटला जातो, पण ती यादीही विवाह आणि रक्त यांवरच उभी आहे. विमा कार्डावर जोडीदाराचे नाव चढत नाही, म्हणून तो आजारी पडला तरी त्याला उपचार मिळत नाहीत.

भविष्य निर्वाह निधीचा अर्ज या साऱ्याचा नमुना म्हणून जवळून पाहण्यासारखा आहे. कामगार मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत बसून ई-नामनिर्देशन भरतो, तेव्हा पोर्टल पहिला प्रश्न विचारते की कुटुंब आहे का, हो किंवा नाही. १९५२ च्या योजनेच्या परिच्छेद ६१ नुसार, ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या कोणाच्या नावे केलेले नामनिर्देशन अवैध ठरते, आणि अविवाहित पुरुषाचे अवलंबित आईवडीलही कुटुंबच धरले जातात. म्हणजे गावी म्हाताऱ्या आईला पैसे पाठवणाऱ्या समलिंगी कामगाराला दहा वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराच्या नावे बचतीतला एक रुपयाही नामनिर्देशनाने करता येत नाही. ‘नाही’ वर टिचकी मारली तर ती खोटी माहिती होते. आईला वाटा मिळावा हे योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की आई आणि जोडीदार दोघांमध्ये वाटणी करण्याचा अधिकार त्या कमावणाऱ्याला का नसावा.

अणुवीज केंद्राच्या वसाहतीत किंवा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या केंद्राच्या कर्मचाऱ्यांची नोकरी अधिक सुरक्षित आहे, पण घर, वैद्यकीय सोय, प्रवासाचा पास आणि कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे तिथेही पती-पत्नीच्या व्याख्येतून वाहते. ऑगस्ट २०२२ मध्ये एका केंद्रीय कर्मचारी महिलेच्या रजेच्या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. ए. एस. बोपण्णा यांनी कुटुंबाचे रूप एकच नसते आणि समलिंगी सहजीवनही कुटुंबाचे रूप असू शकते असे निरीक्षण नोंदवले. सेवानियमांनी ते उचलले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका समलिंगी जोडप्याच्या प्राप्तिकरविषयक याचिकेवर ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. पती-पत्नींतील भेटीला मिळणारी करसूट आपल्याला का नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. चळवळीची पुढची लढाई अशा एकेका व्याख्येवर होणार, हे यावरून दिसते.

विवाहाचा प्रश्न आज ना उद्या संसदेला घ्यावा लागेलच, पण बोईसरच्या कामगाराने तोवर थांबण्याचे कारण नाही. भविष्य निर्वाह निधीची योजना केंद्र सरकार अधिसूचना काढून बदलू शकते, त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. कामगाराने लेखी जाहीर केलेल्या एका व्यक्तीला, नाते कोणतेही असो, नामनिर्देशनात स्थान देणारी एक दुरुस्ती श्रम मंत्रालयाने काढली, तर समलिंगी जोडीदारांबरोबरच विधवा बहीण, सांभाळणारा पुतण्या, आयुष्यभराची मैत्रीण अशा कितीतरी जणांचा प्रश्न सुटेल. मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीपुढे ही मागणी जायला हवी, आणि ती फक्त मुंबई-दिल्लीच्या संस्थांनी करून भागणार नाही. तारापूरच्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात ती बोनस आणि सुरक्षिततेच्या जोडीला लिहावी, आणि पालघरच्या लोकप्रतिनिधींनी ती लेखी स्वरूपात श्रममंत्र्यांकडे पोहोचवावी. तोपर्यंत ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवावे, जोडखाते उघडावे आणि शाखेने नकार दिला तर ऑगस्ट २०२४ च्या पत्राचा हवाला देऊन तो नकार लेखी मागावा.